खोका किती भार सोसेल? पाठवणीसाठी मजबूत खोके निवडण्याचा अभ्यास



मे महिन्याच्या अखेरीस आपल्या मंडळ्यांमधून वह्या, दप्तरे, कपडे, साबण, स्टीलची ताटे-वाट्या असा माल नवी मुंबईत जमा होतो आणि पुढे जव्हार, मोखाडा, विक्रमगड या बाजूच्या वसतिगृहांकडे व पाड्यांवर जातो. उलट दिशेनेही माल येतो. पाड्यांवरील बहिणींनी केलेले नागलीचे पापड, मधाच्या बाटल्या, बांबूच्या टोपल्या, वारली चित्रे आपल्या विक्रीच्या टेबलावर पोहोचतात. या दोन्ही प्रवासांत सोबतीला असतो पुठ्ठ्याचा खोका, आणि त्याच्याकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात, रबाळे व पावणे येथील कारखान्यांच्या पॅकिंग खात्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली. निवृत्तीनंतर मी मालाच्या बांधाबांधीला मदत करतो. तेव्हा दर वर्षी कोणी ना कोणी विचारतेच, "भाऊ, खोक्यावर कशाला पैसे घालायचे? तेवढ्यात मुलांच्या आणखी वह्या येतील." प्रश्न रास्त आहे. देणगीचा रुपया जपूनच खर्च झाला पाहिजे. म्हणूनच उत्तर "जाड खोका घ्या" एवढ्यावर थांबत नाही. कोणत्या मालाला किती ताकदीचा खोका पुरेल हे मोजता येते, आणि ते मोजायला शाळेतले गणित पुरते. या अंकात तेच शिकू या.

आधी मालाची वेळ लक्षात घ्या. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यास उघडतात. म्हणजे आपला माल नेमका पहिल्या पावसात निघतो. तुर्भ्याहून ठाणे, भिवंडी, वाडा, विक्रमगड करीत जव्हार गाठायचे आणि तेथून लहान गाडीने आतल्या पाड्यावर जायचे. वाटेत दोन-तीनदा चढ-उतार होते, कुठेतरी आठ-दहा दिवस गोदामात मुक्काम होतो. भिजून फुगलेली वही वाळवली तरी तिच्यावर पेन चालत नाही, आणि ज्या मुलीच्या नावाने ती निघाली तिला दुसरी वही मिळण्यास पुढची फेरी यावी लागते. एका गोदामात मी खालच्या थरातले नऊ खोके बसलेले पाहिले आहेत. वरचे सगळे सुस्थितीत आणि खालचे चपटे. चोरी झाली नव्हती, कोणी आपटलेही नव्हते. वरच्या मालाचे वजन आणि हवेतला ओलावा यांनीच ते काम केले होते.

आता खोक्याची रचना पाहू. खोक्याचा कापलेला काठ डोळ्यांजवळ धरा. दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी कागद चिकटवलेला दिसेल. सपाट कागदाला लायनर म्हणतात, नागमोडीला फ्लूट. दोन लायनर आणि एक फ्लूट असे तीन कागद झाले की तो ३ प्लाय. त्यावर आणखी एक फ्लूट आणि एक लायनर चढवला की ५ प्लाय, पुढे ७ प्लाय. आपल्याकडे कागद मोजायची पद्धत आहे, परदेशात भिंती मोजतात. त्यामुळे आपला ५ प्लाय म्हणजे त्यांचा दुहेरी भिंतीचा खोका. ही नागमोडी युक्ती १८५६ साली इंग्लंडमध्ये हीली आणि अ‍ॅलन या दोघांनी पेटंट केली, ती उंच टोप्यांच्या आतले अस्तर म्हणून. खोक्यांचा विचार नंतर आला.

फ्लूटच्या लाटा लहान-मोठ्या असतात आणि त्यांना अक्षरांची नावे आहेत. ए ही मोठी लाट, उंची साधारण पावणेपाच मिलिमीटर. सी मधली, साडेतीन ते चार. बी अरुंद, अडीच ते तीन. ई अगदी बारीक, बुटांच्या किंवा मोबाइलच्या डब्यांत दिसते. मोठी लाट रचलेला भार चांगला पेलते व धक्का शोषते. अरुंद लाट दाबाने लवकर चेपत नाही आणि तिच्यावर छपाई चांगली उठते. ५ प्लायमध्ये म्हणूनच पुष्कळदा दोन वेगळ्या लाटा एकत्र करतात.

लाटा खोक्यात उभ्या असल्या पाहिजेत, खांबांसारख्या. आडव्या लाटांचा खोका म्हणजे आडवे टाकलेले खांब. नवीन खोका घेताना प्रथम हेच पाहावे. पत्र्यात बचत करण्यासाठी कधी कधी कापणी उलटी केलेली असते.

यानंतर येतात ती दोन मापे जी दुकानदार पटापट बोलतो आणि आपण मान डोलावतो: जीएसएम आणि बीएफ. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. बीएफ म्हणजे बर्स्ट फॅक्टर, फुटण्याच्या ताकदीचा गुणांक. कागद यंत्रात घट्ट धरून त्याखालून रबरी पडदा फुगवतात आणि कोणत्या दाबाला कागद फाटतो ते पाहतात. तो दाब किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, १००० ने गुणायचा आणि जीएसएमने भागायचा, म्हणजे बीएफ मिळतो. बाजारात १६, १८, २०, २२, २८ असे बीएफ सांगतात. दोन कागद सारख्याच वजनाचे असून एकाचा बीएफ १६ आणि दुसऱ्याचा २८ असू शकतो. नुसते वजन म्हणजे ताकद नव्हे.

हे असे का? क्राफ्ट हा मूळ जर्मन शब्द, अर्थच ताकद. खरा क्राफ्ट कागद लाकडाच्या लांब तंतूंचा असतो. आपल्याकडील तपकिरी कागद बहुतांशी रद्दीपासून बनतो. गुजरातेत वापीला अशा गिरण्यांचे मोठे केंद्र आहे, तेथून हे रोल आपल्या भागात येतात. रद्दी पुन्हा कागद झाली की दर फेरीला तंतू तुटून आखूड होतात. मी रद्दीच्या कागदाला नावे ठेवत नाही, तो नसता तर खोके परवडले नसते. पण त्याचा बीएफ विचारलाच पाहिजे. घरी यंत्र नसले तरी कागदाचा एक कोपरा फाडून पाहावा. फाटलेल्या काठावर लांब केस दिसले तर तंतू चांगले. पावासारखा भुसभुशीत तुटला तर कागद दुबळा.

आता एक गणित. समजा ५ प्लायचा खोका आहे. बाहेरचा लायनर १८० जीएसएम, २२ बीएफ. मधला आणि आतला प्रत्येकी १५० जीएसएम, १८ बीएफ. दोन्ही फ्लूट १२० जीएसएम, १६ बीएफ. प्रत्येक सपाट कागदासाठी जीएसएम गुणिले बीएफ भागिले १००० करायचे. बाहेरचा ३.९६, मधला २.७०, आतला २.७०. फ्लूटचे उत्तर १.९२ येते, पण नागमोडी कागदाचे निम्मेच धरण्याचा व्यवसायात रिवाज आहे, म्हणून ०.९६ आणि ०.९६. सगळ्यांची बेरीज ११.२८. म्हणजे या पुठ्ठ्याची फुटण्याची ताकद सुमारे ११ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. याच कागदांतून मधला लायनर आणि एक फ्लूट काढून ३ प्लाय केला तर ७.६२ येते.

ज्यांचे नातलग अमेरिकेत आहेत त्यांनी तिकडून आलेल्या खोक्याच्या तळाला एक गोल शिक्का पाहिला असेल. त्यात खोका बनवणाऱ्याचे नाव, ताकद आणि किती वजनापर्यंत भरावा हे छापलेले असते. साध्या, एकेरी भिंतीच्या खोक्यावर बहुधा २०० हा आकडा असतो, म्हणजे २०० पौंड प्रति चौरस इंच. आपल्या मापात ते १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर झाले, आणि त्याची मर्यादा मालासह ६५ पौंड, साधारण साडेएकोणतीस किलो. आता वरचे उत्तर पुन्हा पाहा. त्यांचा ३ प्लाय १४ चा आणि आपला ५ प्लाय ११ चा! म्हणून "पाच प्लाय आहे साहेब, काही होत नाही" हे वाक्य ऐकले की मी पुढचा प्रश्न विचारतो, "कागद कोणता घातला?"

पण त्या गोदामातले खालचे नऊ खोके फुटले नव्हते, बसले होते. इथे अभ्यासाचा गाभा आहे, थोडे सावकाश वाचावे.

फुटणे आणि बसणे ही दोन वेगळी संकटे आहेत. आतला माल बाहेर ढकलतो, कुणी टोकदार वस्तू खुपसतो, खोका हातातून सुटून पडतो, तेव्हा फुटण्याची ताकद कामाला येते. वर खोके रचले की उभ्या दाबाची ताकद लागते, आणि ती पुठ्ठ्याच्या काठावर अवलंबून असते. पुठ्ठ्याचा छोटा तुकडा उभा धरून यंत्रात चिरडतात आणि दर सेंटिमीटर काठाला किती किलो पेलले ते पाहतात. याला एज क्रश किंवा ईसीटी म्हणतात. पूर्ण रिकामा खोका बंद करून दोन पाट्यांमध्ये दाबला, तर मिळते ती खोक्याची दाब-ताकद, म्हणजे बीसीटी. अमेरिकेतील रेल्वे व ट्रक वाहतूकदारांच्या नियमांत पूर्वी फुटण्याच्या ताकदीवरच भर होता. १९९१ मध्ये त्यांनी ईसीटीचा पर्याय मान्य केला, म्हणून तिकडच्या शिक्क्यावर आता २०० ऐवजी बरेचदा ३२ ईसीटी असे दिसते. आपल्या मापात ते ५.७ किलो प्रति सेंटिमीटर.

पुठ्ठ्याच्या काठावरून पूर्ण खोक्याची ताकद काढण्याचे सूत्र १९६३ साली मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील अ‍ॅपलटन येथील कागद-संशोधन संस्थेत बसवले. आजही जगभर तेच वापरतात. खोक्याचा परीघ आणि पुठ्ठ्याची जाडी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणावे. उत्तराचे वर्गमूळ काढावे. त्याला ईसीटीने आणि शेवटी ५.८७ ने गुणावे. आलेला आकडा किलोमध्ये. नेहमीच्या चौकोनी, चार झडपांच्या खोक्याला हे सूत्र चालते. त्यात उंची कुठेच नाही हे ध्यानात घ्या. परीघ आहे, कारण भार भिंती पेलतात, आणि त्यातही सुमारे दोन-तृतीयांश भार चार कोपऱ्यांजवळ जातो. हात घालायला भोके पाडायची असतील तर कोपऱ्यांपासून दूर पाडावीत, ती याच कारणासाठी.

आता आपल्याच मालाचा हिशेब करू. आपला नेहमीचा खोका ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३० उंच. त्यात कपडे, साबण, ताटे मिळून १५ किलो माल. टेम्पोत आणि गोदामात पाचावर पाच रचतात. म्हणजे सर्वांत खालच्यावर चार खोक्यांचा, ६० किलोंचा भार. मग ६० किलो पेलणारा खोका पुरेल का? मुळीच नाही. कारखान्यातली चाचणी कोरड्या, ठरवलेल्या हवेत, नव्या खोक्यावर, काही सेकंदांत होते. आपला खोका ओल्या हवेत महिनाभर उभा राहतो.

ओलावा किती खातो? हवेतली आर्द्रता ५० टक्के असताना खोक्याची ताकद १०० धरली, तर ७० टक्क्यांना ती ८० च्या आसपास येते, ८० टक्क्यांना ६८, आणि ९० टक्क्यांना ४८. पाण्याचा थेंब न लागता, नुसत्या हवेने अर्धी ताकद गेली. जूनच्या शेवटी जव्हारच्या घाटमाथ्यावर ढग दारातून घरात येतात, तेथे ९० टक्के नवलाची गोष्ट नाही. काळही खातो. सतत भाराखाली उभा असलेला खोका दहा दिवसांनी मूळच्या ६३ टक्के भार पेलतो, महिन्याने ६०, सहा महिन्यांनी निम्मा. आणि रचण्याची रीत. कोपऱ्यावर कोपरा नीट बसला नाही तर दहा-पंधरा टक्के गेले. विटांसारखे आडवे-उभे रचले तर चाळीस ते साठ टक्के जातात, कारण वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या दुबळ्या मध्यावर येतो. विटांची बांधणी भिंतीला चांगली असते आणि ढीग पडत नाही म्हणून हमालबंधूंना ती आवडते. त्यांचे म्हणणे खोटे नाही, पण खोक्यांच्या जिवावर ते येते. त्यापेक्षा कोपऱ्यावर कोपरा ठेवावा आणि ढिगाला दोरी किंवा पट्टी मारावी. फळीच्या बाहेर खोक्याचा काठ लोंबकळू देऊ नये, त्यानेही वीस ते चाळीस टक्के जातात.

तर पावसाळी पाठवणीसाठी ०.४८ गुणिले ०.६० गुणिले ०.८५ करा. उत्तर ०.२४५ येते. म्हणजे खोक्याच्या छापील ताकदीतली जेमतेम चौथाई आपल्या हाती उरते. ६० ला ०.२४५ ने भागा: २४५. गोल करून २५० किलो बीसीटीचा खोका हवा. हाच माल मे महिन्यात, ७० टक्के आर्द्रतेत, दहा दिवसांत पोहोचणार असेल तर ०.८० गुणिले ०.६३ गुणिले ०.८५ म्हणजे ०.४३, आणि १४० किलोंचा खोका पुरतो. तीन आठवडे आधी माल निघाला तर किती फरक पडतो ते इथे दिसते. माल वेळेवर आणून द्या, अशी आमची जी दर वर्षीची विनवणी असते तिच्यामागे हे गणित आहे.

२५० किलोंसाठी पुठ्ठा कसा असावा? परीघ १५० सेंटिमीटर. ५ प्लायची जाडी सुमारे ६ मिलिमीटर, म्हणजे ०.६ सेंटिमीटर. गुणाकार ९०, वर्गमूळ ९.४९, त्याला ५.८७ ने गुणले की ५५.७. २५० ला ५५.७ ने भागले तर ईसीटी ४.५ हवा. बऱ्या कागदाच्या ५ प्लायला हे जड नाही. ३ प्लाय घेतला तर जाडी ३ मिलिमीटर, गुणाकार ४५, वर्गमूळ ६.७१, ५.८७ ने गुणून ३९.४, आणि हवा असलेला ईसीटी ६.३. तो अमेरिकेच्या ३२ च्या शिक्क्यापेक्षाही वरचा झाला. रद्दीच्या कागदाच्या ३ प्लायकडून ही अपेक्षा धरता येत नाही. म्हणून या आकाराच्या पावसाळी खोक्याला ५ प्लाय, हे गणिताने ठरले. ७ प्लायची गरज आपल्याला कधी पडत नाही. तो यंत्रांच्या सुट्या भागांसाठी, शंभर-शंभर किलोंच्या मालासाठी आहे. कोणी आग्रह केला तरी घेऊ नये, तेथे मात्र देणगीचे पैसे खरेच वाया जातील.

वह्या-पुस्तकांचा विचार थोडा वेगळा. ठासून भरलेल्या वह्या स्वतःच वरचा भार उचलतात, खोक्याला फारसे पेलावे लागत नाही. तेथे धोका तळ फाटण्याचा. म्हणून पुस्तकांसाठी फुटण्याची ताकद पाहावी आणि खोका लहान घ्यावा. वर सांगितलेल्या ४५ बाय ३० बाय ३० च्या खोक्यात वह्या गच्च भरल्या तर वजन पंचवीस-तीस किलोंवर जाते. तो उचलायला टेम्पोजवळ तरुण मुले असतात, पाड्यावर मात्र बहुधा वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाई आणि सातवी-आठवीच्या मुली असतात. पुस्तकांचा खोका १२-१५ किलोंच्या वर जाऊ देऊ नये. कपडे आणि प्लास्टिकचे पेले यांचे उलट आहे. ते हलके असतात पण काहीच पेलत नाहीत, सगळा भार खोक्याच्या भिंतींवर येतो. हलका माल म्हणून हलका खोका, हा समज इथे चालत नाही.

मधाच्या बाटल्यांविषयी बहिणींनी मुद्दाम विचारले होते. काचेची बाटली उभा भार चांगला पेलते, पण शेजारच्या बाटलीवर आपटली की तडकते. त्यासाठी पुठ्ठ्याचे उभे-आडवे कप्पे घालावेत, बाटलीच्या खांद्याच्या वरपर्यंत येतील इतके उंच. कप्प्यांमुळे उभा भार पेलायला आणखी भिंती मिळतात आणि मग बारा बाटल्यांच्या लहान खोक्याला चांगल्या कागदाचा ३ प्लायही चालतो. तळाला आणि वर पुठ्ठ्याचा एकेक तुकडा ठेवावा. एक बाटली फुटली तर ती एकटी जात नाही, उरलेल्या अकरांची लेबले चिकट होतात आणि विक्रीच्या टेबलावर त्या कोणी उचलत नाही. त्यात ज्या बाईने मध काढला तिच्या हंगामाची कमाई असते.

आता जुन्या खोक्यांचा प्रश्न. आपले बहुतेक सभासद घरपोच आलेल्या वस्तूंचे खोके जपून ठेवतात आणि त्यांतच देणगीचा माल भरून आणतात. भावना चांगली आहे, आणि घरापासून जमा करण्याच्या जागेपर्यंत ते खोके उत्तमच. पुढच्या प्रवासाला मात्र निवड करावी लागते. खोक्याचे कोपरे बोटांनी दाबा. मऊ लागले तर त्याची खांब-शक्ती संपली आहे. पृष्ठभागावर चेपल्याच्या आडव्या रेषा आहेत का पाहा, तेथे लाटा मोडलेल्या असतात आणि त्या परत उभ्या राहत नाहीत. ओल्याचा डाग असेल तर तो वाळलेला असला तरी खोका बाजूला ठेवा. वाशीच्या फळबाजारातून मिळणारे सफरचंदाचे खोके त्या मानाने चांगले असतात. हिमाचल प्रदेशात २०२४ च्या हंगामापासून ठरावीक मापाचा, एकसंध युनिव्हर्सल कार्टन सक्तीचा झाला आहे, पूर्वी मनमानी ठासून भरत असत त्याला त्यामुळे आळा बसला. असा खोका ट्रकने दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर रचलेला आलेला असतो, म्हणजे त्याची अर्धी शक्ती वाटेतच खर्च झालेली. हवेसाठी भोकेही असतात. त्यात कपडे भरावेत, वर फक्त एक-दोन थर ठेवावेत, आणि आत प्लास्टिकची पिशवी घालावी.

नवीन खोके घ्यायला तुर्भे, पावणे, रबाळे, महापे या भागात लहान-मोठे खोकेवाले पुष्कळ आहेत. तेथे जाऊन "चांगला मजबूत खोका द्या" म्हणू नये. आतले माप, प्लाय, प्रत्येक कागदाचा जीएसएम व बीएफ, फ्लूट, आणि हवी असलेली दाब-ताकद किलोमध्ये, एवढे कागदावर लिहून द्यावे व दरपत्रकात तसेच लिहून घ्यावे. भारतीय मानकात या खोक्यांसाठी आयएस २७७१ आहे, त्याचा उल्लेख केला तर समोरचा माणूस सरसावून बसतो. मोठी खरेदी असेल तर चाचणीचा अहवाल मागावा. अंधेरीला १९६६ पासून भारतीय पॅकेजिंग संस्था आहे, तेथे अशा चाचण्या होतात.

आणि खोके आले की एक खोका स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवावा. वर दिलेल्या कागदांचा हिशेब असा: तीन लायनर १८०, १५०, १५० मिळून ४८०. फ्लूट नागमोडी असल्याने एका मीटरला साधारण १.४ मीटर कागद लागतो, म्हणून १२० चे १६८, दोन फ्लूटचे ३३६. एकूण ८१६ ग्रॅम प्रति चौरस मीटर. आपल्या खोक्याला सुमारे ०.९२ चौरस मीटर पुठ्ठा लागतो. म्हणजे रिकामा खोका ७५० ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. गोंदाचे थोडे वजन वर धरा. काटा ६०० दाखवीत असेल तर ठरलेला कागद घातलेला नाही. यातून बीएफ कळत नाही हे खरे, पण जेथे जीएसएमला हात मारला जातो तेथे बीएफही बहुधा सांभाळलेला नसतो.

बंद करण्याविषयी थोडक्यात. खोका मोकळा ठेवू नये, पोकळी राहिली तर कागदाचे बोळे किंवा कपडे भरावेत. टेप ७२ मिलिमीटर रुंद घ्यावी. ती मधल्या फटीवर आणि दोन्ही आडव्या कडांवर, वर आणि तळाला, दोन्हीकडे मारावी. तारेच्या पिना असतील तर त्या पावसात गंजतात व पांढऱ्या गणवेशावर डाग पाडतात, म्हणून आत प्लास्टिकची पिशवी असावीच. पिशवीचे तोंड दुमडून खाली दाबावे. टेम्पोच्या तळावर आधी लाकडी फळ्या, मग खोके, मग ताडपत्री. ताडपत्री फक्त वरून टाकली तर चाकांनी उडवलेले पाणी खालून शिरते आणि नेमका सर्वांत जास्त भार असलेला थर भिजतो.

खोक्यावर दोन शेजारच्या बाजूंना जाड मार्करने गावाचे नाव, आतला माल, वजन आणि "वर चारापेक्षा जास्त ठेवू नये" असे मराठीत लिहावे, आणि वरच्या दिशेचा बाण काढावा. शाईचा मार्कर पाण्याने पसरत नाही ना, हे आधी ओल्या बोटाने पुसून पाहावे. पुठ्ठ्यावरच लिहावे, चिकटवलेला कागद पावसात सुटतो. पुस्तकांच्या खोक्यावर "पुस्तके" हा शब्द मोठा असावा, म्हणजे उतरवणारा तो खालच्या थराला ठेवील आणि कपडे वर जातील.